पौर्णिमा सोडा, नवमी धरा : देवबागहून दर्यावरचा एक निवांत दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून तुम्ही सहा मित्र येणार, सगळे पन्नाशीच्या आसपास. त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस पकडलाय, कारण संध्याकाळी दर्यावर चांदणं हवं आहे. सकाळी नऊला मालवणजवळच्या देवबागहून बोट घ्यायची, सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन, निवतीचे खडक, त्सुनामी आयलंड (संगमाच्या आतला वाळूचा उंचवटा) असं सगळं करायचं, मध्ये गळ टाकून मासे पकडायचे, ते कुठल्या तरी बेटावर शिजवून खायचे आणि पाचपर्यंत परतायचं. जमलं तर शिडाची होडी. एकाला पोहता येत नाही, एकाला बोट लागते. आणि विचारलंय की बोट कुठली घ्यावी, खर्च किती येईल.

मी याच किनाऱ्यावर लोकांना गरवायला घेऊन जातो. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. माझ्या मते तुमचा प्रश्न बोटीचा नाहीच, वेळेचा आहे. बोट कुठलीही चांगली मिळेल. पण नऊ ते पाच हे वेळापत्रक आणि पौर्णिमेची तिथी एकत्र आली, की दिवसाचा सगळ्यात वाईट तास नेमका तुमच्या परतीच्या वाटेवर येऊन बसतो. तो कसा, हे नीट सांगतो. एकदा कळलं, की पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी वाऱ्याचं. पावसाळा सरल्यावर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, आमच्याकडे दिवसाचे दोन वारे असतात. रात्री जमीन थंड होते, पाणी त्या मानाने उबदार राहतं, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. तो मतलई. हलका, कोरडा, आणि जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाट उठवत नाही. नऊ-दहाच्या सुमारास तो मरतो. मग तास-दीड तास पाणी तेलासारखं सपाट होतं. अकरा-बाराच्या पुढे जमीन तापली की खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि दुपारी दोन ते पाच त्याचा जोर असतो. रोज घड्याळ लावल्यासारखं होत नाही. ढगाळ दिवशी खारा वारा उशिरा येतो, थंडीत कधी उत्तरेचा वारा तीन-चार दिवस सलग धरतो आणि मग सकाळसुद्धा शांत मिळत नाही. पण सर्वसाधारण दिवस असाच असतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. देवबाग ही एक चिंचोळी जमिनीची पट्टी आहे, एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. पट्टीच्या दक्षिण टोकाला नदी दर्याला मिळते, त्याला इथले लोक संगम म्हणतात. पलीकडे भोगवे, त्याच्या खाली निवती. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला मात्र उत्तरेला. म्हणजे तुमच्या यादीतली अर्धी ठिकाणं एका दिशेला आहेत आणि अर्धी दुसऱ्या. दोन्ही एका दिवसात केलीत तर तुमचा दिवस इंजिनाच्या आवाजात जाईल. आणि निवतीहून परत येताना तुमचं तोंड उत्तर-वायव्येला असतं, म्हणजे दुपारचा खारा वारा थेट नाकावर. सकाळी जिथे तासाभरात पोचलात तिथून परतायला जास्त वेळ लागतो, प्रत्येक लाटेवर बोट आपटते, पुढे बसलेले चिंब होतात. बोट लागणाऱ्या तुमच्या मित्राची सगळ्यात कठीण परीक्षा त्याच वेळी होईल.

दुसरी गोष्ट पाणी. संगमावर वाळूचा उथळ पट्टा आहे आणि तो दर पावसाळ्यानंतर थोडा सरकलेला असतो. भरती चढत असते तेव्हा पाणी आत येतं आणि लाटही आतच येते, दोघांची दिशा एक, म्हणून संगम गुळगुळीत असतो. सुकती, म्हणजे पाणी उतरणं, लागली की नदीचं सगळं पाणी त्याच अरुंद तोंडातून बाहेर धावतं. बाहेरून येणारी लाट त्या प्रवाहावर अडते, आखूड होते, उभी राहते आणि फुटते. त्यात वायव्येचा वारा मिळाला की तिथे लहान बोटीने जायचं काम जाणत्या तांडेलाचंच, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाचंच. अंगावर येणाऱ्या लाटेपेक्षा मागून येऊन बोटीला आडवी फिरवणारी लाट घातक. आत शिरताना ती पाठीवर असते आणि पाहुण्यांना दिसतसुद्धा नाही.

भरती कधी, हे आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं. येईल तो आकडा पूर्ण भरतीची साधारण वेळ, सकाळी आणि पुन्हा रात्री. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या दिवशी भरतीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं पाहायचंच. पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो.

तो तुमच्या बेताला लावा. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, पाच-साडेपाचला ओहोटी. म्हणजे दुपारी दोन ते चार सुकतीचा ऐन जोर. वर पौर्णिमा-अमावस्येला उधाण, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त. मुंबईला तो चार मीटरच्या पुढे जातो, आमच्या दक्षिणेकडे साधारण दोन-सव्वादोन मीटर, पण नदीचं तोंड अरुंद असल्यामुळे तेवढंही पुष्कळ होतं. नऊला निघून पाचला परतणारी तुमची बोट संगमावर पोचेल ती उधाणाच्या सुकतीत आणि भर खाऱ्या वाऱ्यात. सगळ्या गोष्टी एकाच वेळी विरुद्ध.

आता वद्य नवमी घ्या, त्याच पौर्णिमेपासून आठ-नऊ दिवस पुढे. भरती पावणेसातला, ओहोटी एकच्या सुमारास, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत भरती. आणि अष्टमी-नवमीला भांग, पाण्याची हालचाल सगळ्यात कमी. सव्वासहाला निघालात तर संगमावर पाणी थांबलेलं. साडेअकराला परतलात तर वारा नुकताच लागतोय आणि सुकतीत दम उरलेला नाही. समजा उशीर झाला, आणि मित्रांबरोबर तो होतोच, दोन वाजले, तर तोपर्यंत भरती लागलेली असते. पाणीच तुम्हाला आत घेतं.

नवमी मी सांगतो ती मुख्यतः यासाठी. पौर्णिमेलाही पहाटे निघून सव्वाअकराच्या भरतीला आत आलात तर काही बिघडत नाही, मी स्वतः तसं लोकांना नेतो. पण त्या दिवशी उशीर करायची मुभा नसते. नवमीला असते. निवांत दिवस हवा असेल तर जिथे घड्याळाकडे बघावं लागणार नाही असा दिवस निवडा. सप्तमी ते नवमी, शुद्ध असो वा वद्य, महिन्यात दोनदा ही संधी येते. चांदण्याचं म्हणाल, तर वद्य नवमीला पहाटे निघताना अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. त्या उजेडात बोटीत सामान चढवायला बॅटरी लागत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. भांगाला मासा कमी लागतो, असं जुने लोक सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. पाणी वाहतं तेव्हा मासा खायला निघतो. पण नवख्या माणसाला उधाणाच्या पाण्यात गरवताच येत नाही. गळ तळाला पोचायच्या आत प्रवाह त्याला लांब नेतो, शेजाऱ्याच्या दोरात गुंतवतो, खडकात अडकवतो, आणि पाणी गढूळ. पौर्णिमेला सकाळी आठच्या आसपास, म्हणजे तुमच्या गरवण्याच्या वेळी, भरतीचा ओढा सगळ्यात जास्त असतो. भांगाला दोर सरळ खाली जातो आणि तळ हाताला कळतो. सहा नवख्या माणसांना उधाणापेक्षा भांगाला जास्त मासे मिळतात ते यामुळे.

शिडाच्या होडीबद्दल. आज या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी असतात त्या बहुतेक फायबरच्या, आउटबोर्ड इंजिनाच्या बोटी. रोजच्या वाहतुकीत शीड बघायचं असेल तर मुरूडजवळ राजपुरीला जा, तिथून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात. इथे मात्र लहान होडीवाल्यांपैकी एखाद्याकडे जोडशीड, म्हणजे लागेल तेव्हा होडीवर चढवायचं शीड, असतं, चौकशी करा. मिळालं तर त्याचा उपयोग जाताना. मतलई डावीकडून, जमिनीकडून येतो, तुम्ही दक्षिणेला चाललेले, किनाऱ्याच्या आडोशाने पाणी सपाट. शिडाला याहून चांगली स्थिती नाही. भोगव्याचा लांबलचक किनारा डावीकडे सरकत राहतो, इंजिन बंद असल्यामुळे पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि कुणालाही मोठ्याने बोलावं लागत नाही. हा तास माझ्या मते अख्ख्या दिवसातला सर्वोत्तम. येताना वारा समोरून, तेव्हा शीड उतरवून इंजिन लावायचं. शिडाने परतायचं तर वारा कापत नागमोडी यावं लागेल, त्याला अर्धा दिवस आणि कसलेला माणूस लागतो. तो हट्ट धरू नका.

यादीतून काय काढायचं तेही सांगतो. सिंधुदुर्ग किल्ला या दिवसातून काढा आणि त्याला आदल्या दिवशीचा अर्धा दिवस द्या. मालवणच्या जेटीवरून होड्या जातात. कुरटे बेटावर १६६४ मध्ये पाया घातलेला हा किल्ला घाईत बघण्यासारखा नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. दुसरं, किल्ल्याच्या भोवती गळ टाकायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्याचा तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याच्या परिसरातच येतो. तिथे प्रवाळ आहे. त्यावर नांगर टाकला तर जे मोडतं ते भरून यायला माणसाचं आयुष्य जातं. कुणी बोटवाला ‘चालतं हो’ म्हणाला तरी तुम्ही नको म्हणा.

निवतीच्या बाहेर खोल दर्यात दीपगृहाचे खडक आहेत, वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड म्हणतात ते. अनेकांना तिथे जायचं असतं. तुमच्या सहाजणांना मी नेणार नाही. ते उघड्या दर्यात आहेत, वारा उठला तर आडोसा नाही, आणि तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, खडकांवर कुररी पक्षी वीण घालतात. उतरून त्यांना त्रास देण्यासारखं आपलं काही काम नाही. निवती किल्ल्याच्या खालचे, किनाऱ्याजवळचे खडक तुम्हाला पुरे आहेत.

डॉल्फिन यादीत ठेवा, पण मागे लागू नका. आमच्याकडे किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन, सकाळच्या सपाट पाण्यात लांबूनही कळतात. दिसले की इंजिन बंद करून थांबायचं, आली त्यांची मर्जी तर ते जवळ येतात. चार बोटी पाठलाग करतात तेव्हा त्यांच्या पिल्लांची ताटातूट होते, हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही.

आता गरवण्याचं. महागडी काठी-रीळ आणू नका. हातदोरच घ्या, प्लास्टिकच्या चकतीवर किंवा बाटलीवर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोर), अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, खाली शिशाचं वजन आणि त्याच्या वर दोन गऱ्या (गळाचे आकडे). आमिषाला कोळंबी सर्वांत चांगली, तिला आमच्याकडे सुंगटं म्हणतात. दुसरा पर्याय बांगड्याचे तुकडे, तिसरा माकुलाच्या पट्ट्या. कोळंबी लवकर सुटते, माकूल चिवट असल्यामुळे गरीवर टिकतं. नवख्यांना म्हणून मी माकूल देतो.

जागा महत्त्वाची. खडकाच्या बरोबर वर नाही, खडक संपून वाळू सुरू होते त्या कडेला, पाच ते आठ वाव पाण्यात (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). तांडेल नांगर अशा बेताने टाकतो की दोर सोडल्यावर बोट त्या कडेवर येऊन थांबते. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्या आणि दोर तर्जनीवर ठेवा. बारीक टकटक लागली तर लहान मासा आमिष कुरतडतोय, हात हलवू नका. जोराचा एकच ओढा आला की मग वर उचला. गोबरा असेल तर पहिल्या दोन-तीन वावांत सगळा निकाल लागतो. त्याला बिळात शिरू दिलंत की तंगूस खडकावर तुटतो. म्हणून हाताला कापड गुंडाळा आणि सुरुवातीला थांबू नका. खडकाच्या कडेला गोबरा आणि तांबोशी मिळते, वाळूवर मुडदुशे आणि शिंगाळे. सुरमईची आशा या पद्धतीने ठेवू नका, ती चालत्या बोटीमागे ओढलेल्या गळाला लागते.

तीन मासे ओळखायला शिका. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात, ते टोचले की हात तासन्‌तास ठणकतो. वागळीच्या शेपटीवर काटा असतो. दोन्ही मासे बोटीत आले की तुम्ही हात लावायचा नाही, खलाशाला बोलवायचं. काटा टोचलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायची, वेदना उतरते, आणि नंतर डॉक्टरांना दाखवायचं. पाण्याचा थर्मास सोबत असतो तो चहासाठी आणि यासाठीही. तिसरा केंड, हवा भरून फुगणारा. तो विषारी, खायचा नाही, गरी काढून सोडून द्यायचा.

लहान मासा परत टाका. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे, पण नियमाच्या पलीकडेही बघा. गोबरा सावकाश वाढतो आणि एकाच खडकाला धरून राहतो. वितभर गोबरे रोज उचलले तर तो खडक दोन हंगामांत रिकामा होतो. त्याच खडकावर गावातल्या एखाद्याचं घर चालतं. सहाजणांच्या एका जेवणाला पुरेल तेवढं मिळालं की गऱ्या गुंडाळा आणि नुसते बसा.

मिळालेला मासा लगेच बर्फात. उन्हात बादलीत ठेवलेला मासा दोन तासांत हातचा जातो. बेटावर चूल मांडायचा विचार सोडा. वाळूत जाळ, राख, उरलेल्या काट्यांचा पसारा, आणि शेवटी अर्धकच्चा मासा. देवबागात कितीतरी घरांत पाहुण्यांसाठी जेवण करतात. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा की भात, सोलकढी, भाकरी आणि एक माशाचं सार तयार ठेवा, आम्ही आणू ते वरून तळा. गोबरा-तांबोशी मिळाली तर तुकड्या करून तळतील, त्यातल्या डोक्याचं तिरफळ घालून तिखलं मागा. काहीच मिळालं नाही तरी ताट रिकामं राहत नाही, आणि बोटीत कुणाच्या मनावर मासे मिळवायचं ओझं राहत नाही.

बोट लागणाऱ्या मित्राविषयी. गोळी निघायच्या किमान तासभर आधी घ्यायला हवी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. कुठली घ्यावी हे त्याच्या डॉक्टरांना विचारा, पन्नाशीत रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतात. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या दिवशी त्याने गाडी चालवायची नाही. उपाशी पोटी निघू नका, दोन घावणे आणि चटणी एवढं बरं, तेलकट नको. त्याला बोटीच्या मध्यावर, धुरापासून दूर बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. आमिष लावायचं काम त्याला देऊ नका. मान खाली घालून बारीक काम केलं की मळमळ हमखास वाढते. गरवताना बोट नांगरावर डुलते तेव्हा त्रास जास्त होतो. म्हणून मी अशा माणसाला अर्ध्या तासाने थोडं फिरवून आणतो. चालत्या बोटीत बरं वाटतं.

ज्याला पोहता येत नाही त्याचं सोपं आहे, कारण नियम सगळ्यांना एकच. लाइफ जॅकेट जेटीवर घालायचं आणि जेटीवरच काढायचं, पट्टे आवळून. पोहणाऱ्यांनीसुद्धा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट किनाऱ्यालगत उलटली आणि दोन पर्यटक गेले. तो मे महिन्याचा शेवट होता, वाऱ्याचे दिवस. दर्या किनाऱ्याजवळच जास्त फसवतो, खोल पाण्यात नाही. आणि दारू बोटीत आणायची नाही. संध्याकाळी मुक्कामी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मी दारूची पिशवी दिसली तर बोट सोडत नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण हंगाम, इंधन आणि सुट्टी यांवर तो खूप बदलतो, दिवाळीच्या आठवड्यात आणि साध्या मंगळवारी फरक मोठा असतो. मात्र माणशी दर घेऊ नका, पूर्ण बोट ठरवा, सकाळी सहा ते बारा अशी. ठरवताना विचारा की बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे, तांडेलाबरोबर खलाशी आहे का (सहा पाहुण्यांना तो हवाच), जॅकेटं सगळ्यांना पुरतील का, दुसरं इंजिन किंवा निदान वल्ही आहेत का, आणि आमिष, बर्फ, दोर दरात धरले आहेत का. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा, ‘नवमीला भरती किती वाजता?’ जो न अडखळता सांगेल त्याची बोट घ्या.

आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राच्या स्थितीचा अंदाज बघा. लांब कुठे वादळ झालं असेल तर इथे वारा नसतानाही मोठ्या लाटांचे लोट येतात, आणि संगम शांत हवेतही फुटतो. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक ठेवा, मुक्कामाच्या घरी परतायची वेळ सांगून निघा.

थोडक्यात दिवस असा लागेल. साडेपाचला चहा-घावणे, सव्वासहाला बोट, संगम पार करून मतलईवर भोगव्याच्या कडेने निवती. आठ ते साडेदहा, वारा पडलेला असताना, गरवणं. मग सावकाश परत, साडेअकरा-बाराला संगमाच्या आत. त्या वेळी ओहोटी असते, त्सुनामी आयलंडची वाळू उघडी पडते. २००४ च्या त्सुनामीनंतर ती वर आली असं इथे सांगतात. तिथे गुडघाभर पाण्यात पोहता न येणारा मित्रही निर्धास्त उभा राहू शकतो. तिथल्या वॉटर स्पोर्ट्सची गर्दी नको असेल तर त्याच नदीत थोडं वर शांत जागा आहेत, तांडेलाला सांगा. दीडला जेवण.

आणि त्या सकाळी तांडेल म्हणाला, ‘आज वाऱ्याचो भरवसो नाय’, तर वाद घालू नका, पैशांची घासाघीसही करू नका. बोट तीच ठेवा आणि कर्लीत वर चला. दोन्ही बाजूंना माड, कांदळवन, पाणी स्थिर. बोट लागणाऱ्यालाही तिथे काही होत नाही. कांदळाच्या मुळांजवळ लहान गरीला कोळंबी लावून टाका, काळुंदर लागते, नशिबात असेल तर खाडीतली तांबोशी. खाडीत भरती चढताना मासा चांगला लागतो. म्हणून त्या दिवशी सकाळी झोप काढा, दुपारी दोनला निघा आणि सूर्य बुडेपर्यंत पाण्यावर राहा.